मोठी वादळं आधीही होती, हे खरंच. पण जोत्याचा हिशेब वेगळा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीतलं जुनं घर उतरवून नवीन बांधायचं आहे. जोतं किती उंच घ्यायचं यावरून घरात वाद आहे. तुमचे काका म्हणतात, २०१९ सारखा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, तो येऊन गेला, आता काळजी नाही. कुणी हवामानबदलाचं नाव काढलं की ते इतिहास पुढे करतात: १७८० साली कॅरिबियन बेटांवर, १९०० साली अमेरिकेत गॅल्व्हेस्टनला, १८७६ साली बंगालात बाकरगंजला वादळांनी माणसं हजारांनी, लाखांनी नेली. तेव्हा कुठे होत्या एवढ्या गाड्या आणि कारखाने? मग आताचंच वादळ माणसाने आणलं असं कसं म्हणायचं? आणि तुम्ही विचारताय, काकांचं खरं धरायचं की टीव्हीवाल्यांचं.

पावसाच्या आणि नदीच्या पातळीच्या नोंदी ठेवण्यात माझी तीस वर्षं गेली. जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी ठेवून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हेच माझं रोजचं काम होतं. त्यामुळे उत्तर लांबेल, पण पूर्ण वाचा.

काकांची माहिती चुकीची नाही. १७८० च्या ऑक्टोबरात बार्बाडोस, मार्टिनिक, सेंट युस्टेशियस या बेटांवरून जे वादळ गेलं, त्यात सुमारे २२ हजार माणसं गेली. अटलांटिकमधलं आजवरचं सर्वांत जीवघेणं वादळ म्हणून त्याची नोंद आहे. झाडांची साल सोलून निघाली होती, असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा तो काळ. इंग्रज आणि फ्रेंच, दोघांचीही जहाजं बुडाली. बाकरगंजच्या १८७६ च्या वादळात सुमारे दोन लाख माणसं गेली असं मानतात. १९७० च्या नोव्हेंबरात भोला वादळात, आजच्या बांगलादेशात, तीन ते पाच लाख. हे आकडे वाचताना आजही हात थांबतो.

पण मेलेल्या माणसांच्या आकड्याने वादळ मोजायचं नसतं. गॅल्व्हेस्टनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण काकांचं तेच मुख्य उदाहरण आहे.

गॅल्व्हेस्टन हे टेक्सासच्या किनाऱ्यालगतचं एक सपाट, वाळूचं बेट. सगळ्यात उंच जागा समुद्रापासून जेमतेम नऊ फूट. बंदर भरभराटीला आलेलं, पैसा वाहत होता. समुद्राला भिंत घालावी अशी मागणी पूर्वी झाली होती. तिथले हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली वर्तमानपत्रात लिहिलं की या शहराला वादळाचं भय वाटणं हा निव्वळ भ्रम आहे. भिंत झाली नाही. १९०० च्या सप्टेंबरात क्युबातले जाणकार वादळाबद्दल सावध होते, पण अमेरिकी हवामान खात्याने क्युबातून येणारे वादळाचे निरोप आधीच अडवून ठेवले होते. ८ सप्टेंबरला पंधरा फुटांहून उंच पाणी नऊ फुटांच्या बेटावर चढलं. एका रात्रीत सहा ते बारा हजार माणसं गेली. साधारण आठ हजार हा आकडा धरतात. क्लाइन यांची गरोदर पत्नीही त्यात गेली.

आता सांगा, हे आठ हजार मृत्यू वाऱ्याच्या वेगाचं माप आहेत का? ते सपाट बेटाचं, न बांधलेल्या भिंतीचं आणि न पोचलेल्या निरोपाचं माप आहे. नंतर तिथल्या लोकांनी सतरा फुटांची भिंत बांधली आणि शेकडो इमारती जॅक लावून उचलल्या, खाली वाळू भरून अख्खं शहर वर घेतलं. १९१५ साली पुन्हा तसंच जबर वादळ आलं, तेव्हा भिंतीच्या आतल्या शहरात मृत्यू फारच कमी झाले. जोत्याचा वाद घालणाऱ्या घरात ही गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं आहे. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकलं, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ साली त्याच ओडिशात फायलिन आलं. तेही अतितीव्र होतं, पण दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. वारा काही माणसांवर दया करून मंदावला नव्हता. उलट २००८ साली म्यानमारमध्ये नर्गिस आलं, इशारा लोकांपर्यंत नीट गेला नाही, आणि उपग्रहांच्या काळातही सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली. म्हणून 'पूर्वी जास्त मरत, आता कमी मरतात, म्हणजे वादळं सौम्य झाली' हेही चूक, आणि 'पूर्वी लाख मेले म्हणजे पूर्वीचं वादळ मोठं' हेही चूक.

नुकसानीच्या पैशाचंही तेच. टीव्हीवाले सांगतात, वादळांचं नुकसान वाढत चाललंय म्हणजे वादळं वाढली. हा तर्क काकांच्या तर्काइतकाच लंगडा आहे. कतरिनाने २००५ साली सव्वाशे अब्ज डॉलरचं नुकसान केलं, पण न्यू ऑर्लिन्स बुडालं ते मुख्यतः तटबंध फुटल्यामुळे, आणि त्या शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे म्हणून. किनाऱ्यावर जिथे शंभर वर्षांपूर्वी चार कोळी झोपड्या होत्या तिथे आज हॉटेलं आहेत. तेच वादळ पुन्हा आलं तरी बिल शंभरपट येणार. शास्त्रज्ञ हा फरक काढून टाकतात, म्हणजे जुन्या वादळाला आजची वस्ती आणि आजचा भाव लावून पाहतात. तसं केलं की नुकसानीतली बरीचशी वाढ घरांची आणि मालमत्तेची निघते. किती उरते यावर अजून वाद आहे, आणि तो प्रामाणिक वाद आहे.

हे कोल्हापूरकराला परक्याने समजावून सांगायला नको. २००५ चं पाणी कुठवर आलं आणि २०१९ चं कुठवर, यावर गंगावेशीत आणि कुंभार गल्लीत आजही चर्चा चालते. २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. पण त्या वाढलेल्या फुटांतले किती पावसाचे आणि किती आपल्या भरावांचे? नदीच्या पात्रालगत माती टाकून प्लॉट पाडले, ओढे अरुंद केले, शिरोलीकडे महामार्गाचा भराव आडवा पडला. पूर उतरल्यावर मी खुणा घेत चिखलीच्या शिवारात हिंडत होतो. एक म्हातारे शेतकरी उसातला गाळ बघत बसले होते. मी विचारलं, पाणी लईच वाढलं न्हवं? ते म्हणाले, "पाणी वाढलंय ते खरं सायेब, पर पाण्याची जागा बी आमीच खाल्ली की." त्या एका वाक्यात दोन कारणं आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. वादळांच्या वादात नेमकी हीच गफलत होते.

मग मृत्यू नको, पैसे नकोत, तर थेट वारा आणि पाऊसच मोजू. इथे खरी कसोटी लागते.

घाटाजवळच्या एका पर्जन्यमापकाची गोष्ट. त्या केंद्राचा पाऊस दहा-बारा वर्षं हळूहळू कमी होत चालला होता. शेजारच्या तीन केंद्रांचा होत नव्हता. अशा वेळी आम्ही एका बाजूला त्या केंद्राची वर्षावर्षाची बेरीज आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांच्या सरासरीची बेरीज मांडून रेघ काढतो. रेघ जिथे वाकते तिथून काहीतरी बिघडलंय असं समजायचं. मी सकाळी साडेआठच्या नोंदीला मुद्दाम हजर राहिलो. नोंद ठेवणारा माणूस अतिशय प्रामाणिक. बाटली उचलली, मोजनळीत पाणी ओतलं, डोळा पाण्याच्या रेषेला लावून आकडा वाचला, वहीत लिहिला. काही चुकलं नव्हतं. मग मी मान वर केली. पर्जन्यमापकाच्या अगदी डोक्यावर जांभळाची फांदी. झाड उंचीच्या दुप्पट अंतरावर असावं असा नियम. हे तर चार पावलांवर. त्यानेच लावलेलं, पोराच्या जन्माच्या वर्षी. पोरगं मोठं होत गेलं, झाड मोठं होत गेलं आणि वहीतला पाऊस कमी होत गेला. एकही आकडा खोटा नव्हता, तरी सगळी मालिका खोटी होती.

अटलांटिकच्या नोंदींत असंच झाड आहे, फक्त उलट दिशेचं. उपग्रह १९६० पासून आले. विमानाने वादळात शिरून मोजणं १९४० च्या दशकात सुरू झालं. त्याआधी भर समुद्रात उठून भर समुद्रातच विरलेलं वादळ कुणाला दिसणार? एखादं जहाज सापडलं तर. आणि कप्तान शहाणा असेल तर तो वादळापासून लांबच जाणार. म्हणजे जुन्या वादळांची मोजदाद कमी पडली आहे, आणि नुसती संख्या पाहिली तर वादळं वाढल्यासारखी दिसतात.

यावरूनच २००५ साली मोठं भांडण झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी निबंध प्रसिद्ध केला: १९७० च्या दशकापासून वादळांतून बाहेर पडणारी एकूण ताकद खूप वाढली आहे, आणि ती समुद्राच्या तापमानाबरोबर वाढते आहे. त्याच महिन्याच्या शेवटी कतरिना. सप्टेंबरात पीटर वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सर्वांत वरच्या दोन श्रेणींतली वादळं सुमारे पस्तीस वर्षांत जवळपास दुप्पट झाली. आयुष्य हरिकेनच्या, म्हणजे अटलांटिकमधल्या चक्रीवादळांच्या, नोंदी तपासण्यात घालवलेल्या क्रिस लँडसी यांनी हरकत घेतली: जुन्या मोजमापांना भरवसा नाही, तुम्ही झाडाची सावली मोजताय. (शब्द माझे, मुद्दा त्यांचा.) त्याच वर्षीच्या जानेवारीत, या विषयावर पुराव्यापुढे जाऊन बोललं जातंय असं म्हणत ते आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीच्या कामातून बाहेर पडले होते. पुढे पाच वर्षं दोन्ही बाजू आकडे घासत राहिल्या. आणि २०१० साली इमॅन्युएल आणि लँडसी या दोघांनी, इतर देशांच्या शास्त्रज्ञांबरोबर, एकाच निबंधावर सही केली. त्यात एक भारतीय शास्त्रज्ञही होते. निष्कर्ष असा: तापत्या जगात वादळांची एकूण संख्या तेवढीच राहील किंवा कमी होईल, पण जबर वादळं जास्त जबर होतील आणि त्यांच्याबरोबर येणारा पाऊस वाढेल. आजवर झालेल्या बदलाबद्दल मात्र तेव्हा त्यांनी ठाम विधान केलं नाही. मला हा निबंध फार मोलाचा वाटतो, कारण एकमेकांच्या चुका जाहीरपणे काढलेली माणसं ज्यावर एकत्र येतात ते पक्कं असतं.

त्यानंतर नोंदी वाढल्या. त्याच आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालाने सांगितलं की गेल्या चार दशकांत एकूण वादळांत तीव्र वादळांचा वाटा बहुधा वाढला आहे आणि तो निसर्गाच्या नेहमीच्या चढउताराने पुरेसा समजावता येत नाही. एकूण संख्येत मात्र दीर्घकाळाचा स्पष्ट कल नाही. आपल्या तालमीच्या भाषेत: आखाड्यात उतरणारे पैलवान तेवढेच, पण जड गटातले वाढलेत.

असं का होतं, हे समजायला फार गणित लागत नाही. चक्रीवादळ समुद्राच्या गरम पाण्यावर चालतं. पाण्याचा पृष्ठभाग साधारण २६ अंशांच्या वर असेल तर बाष्प भरभरून उठतं, वर जाऊन त्याचं पाणी होतं, आणि ते होताना उष्णता बाहेर पडते. तीच उष्णता हवेला आणखी वर ढकलते आणि खालची हवा आत खेचली जाते. पण वरच्या थरात वाऱ्याची दिशा किंवा वेग वेगळा असेल तर हा खांब मोडतो. म्हणून ऐन पावसाळ्यात अरबी समुद्र गरम असूनही मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत. ती पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर येतात. समुद्र तापला म्हणजे इंधन वाढलं. वादळ उठायला मात्र बाकीच्या अटीही जुळाव्या लागतात, आणि संख्या वाढत नाही याचं उत्तर त्यात आहे. १७८० साली अटी जुळल्या होत्या. त्या तेव्हाही जुळत, आताही जुळतात. जुळल्यावर आता इंधन जास्त असतं.

त्यात दोन गोष्टींबद्दल तर फारसा वादच नाही. एक, समुद्राची पातळी. १९०० पासून ती जगभरात सरासरी वीस सेंटिमीटर चढली आहे. वादळाचं पाणी त्या चढलेल्या पातळीवरून पुढे सुरू होतं. दुसरी, पाऊस. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. २०१७ च्या ऑगस्टात हार्वे वादळ टेक्सासवर येऊन बसलं आणि काही ठिकाणी दीड मीटरहून जास्त पाऊस पडला. गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्या माणसालाही चार-पाच दिवसांतला हा आकडा धडकी भरवतो. त्यातला साधारण पंधरा टक्के पाऊस तापलेल्या हवेमुळे जास्त पडला असा एका गटाचा हिशेब आहे, दुसऱ्या गटाचा त्याहून बराच जास्त.

पंधरा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. नदीवर काम केलेल्या माणसाला वाटत नाहीत. जमीन आधीच भिजून गच्च झालेली, राधानगरी धरण भरलेलं, स्वयंचलित दरवाजे उघडलेले, पंचगंगेला पाणी आणणाऱ्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी चारही फुगलेल्या; अशा वेळी वर पडलेला प्रत्येक थेंब सरळ नदीत येतो. जमीन एक थेंब पीत नाही. ते शेवटचे पंधरा टक्के तुमच्या उंबऱ्याच्या आत येतात.

आता अरबी समुद्राकडे या, कारण आपला पाऊस तिथून येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ अशा दोन कालखंडांची तुलना केली. दोन्ही कालखंड उपग्रहांचे, म्हणजे झाडाचा घोळ बराच कमी. अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली, अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात संख्या किंचित कमी झाली. २०२० च्या जूनमध्ये निसर्गने श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. मी सावधपणे सांगतो: वीस-वीस वर्षांचा काळ फार मोठा नाही, आणि समुद्राचे स्वतःचे चढउतारही असतात. पण हा समुद्र तापतोय यात शंका नाही.

आणि एक स्पष्ट करतो, कारण २०१९ नंतर मी हे चुकीचं ऐकलंय. कोल्हापूरचा महापूर चक्रीवादळाने आला नव्हता. तो मोसमी पावसाचा होता: उपसागरातून कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावर सरकला की अरबी समुद्राचे वारे जोरात ओढले जातात, घाटाला धडकतात आणि तिथेच रिकामे होतात. पण वादळाचं आणि घाटातल्या पावसाचं बाष्पाचं कोठार एकच. १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर पडणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीने वाढल्याचं पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि त्याचा संबंध अरबी समुद्रातून येणाऱ्या बाष्पाशी जोडला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत तुमच्या चिखलीत पुन्हा पाणी होतं.

आता काकांचं 'शंभर वर्षांतून एकदा'. याचा अर्थ एकदा आला की नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असा नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. गेल्या वर्षी आला असला तरी यंदाही शंभरात एक. तीस वर्षांच्या गृहकर्जात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता चारात एक निघते. आणि हाही हिशेब जुन्या नोंदींवरचा, पाऊस पूर्वीसारखाच राहील असं धरून केलेला. २०१९ नंतर दोनच वर्षांत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं.

म्हणून जोत्याबद्दल. आधी जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे का ते बघा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत असेल तर नवीन घर तिथे नको. पूर आला की जनावरं घेऊन ज्या सोनतळीला पळता, तिथे किंवा वरच्या बाजूला जागा बघा. काकांना हे जड जाईल, जुन्या घराची माती सोडवत नाही, मला कळतं. दोन रेषांच्या मध्ये असेल तर २०१९ आणि २०२१ या दोन्हींतल्या वरच्या खुणेच्या वर किमान दोन-तीन फूट राहण्याचा मजला घ्या. भराव टाकून नव्हे, खांबांवर, म्हणजे तुमचं पाणी शेजाऱ्याच्या घरात ढकललं जाणार नाही. मीटरचा बोर्ड, धान्याच्या कणग्या, कागदपत्रांची पेटी सगळं त्या पातळीच्या वर.

आणि एक काम या आठवड्यात करा. जुन्या घराच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ राहिली आहे, ती घर पाडायच्या आधी डम्पी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून शेजारच्या पक्क्या खांबावर किंवा देवळाच्या भिंतीवर उतरवून घ्या, खाली साल आणि तारीख लिहा. लेव्हल लावताना काकांना बरोबर न्या. २००५ चं पाणी कुठे होतं ते त्यांनाच नेमकं माहीत असेल; तीही रेघ तिथेच मारून घ्या.